मेश्राम सरांचं आखात

मेश्राम सर कुणाच्याही घरी गेले आणि पुढ्यात पाण्याचा पेला आला, की पहिला घोट लगेच गिळत नसत. तो तोंडात धरून, डोळे बारीक करून क्षणभर बसत. मग घोट खाली जाई आणि सर सांगत, “हे बोरिंगचं नाही. विहिरीचं आहे. उन्हाळ्यात आटत असंल ही विहीर.” बहुतेक वेळा ते बरोबर निघे. अड्याळात लोक त्यांना गमतीनं पाणीवाले मास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

पंच्याहत्तरच्या सुमारास मी अड्याळच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आले. वर्ध्याकडून आलेली, एकटी, लग्न न झालेली बाई. गावात खोली मिळणं सोपं नव्हतं. शेवटी शाळेच्या मागच्या चाळीत एक मिळाली. मधली भिंत मातीची, आणि भिंतीपलीकडे भूगोल शिकवणारे मेश्राम सर, त्यांची बायको यशोदा आणि मुलगा मिलिंद. मोठी मुलगी चिखल्याला दिलेली होती, जावई मॅंगनीजच्या खाणीत होता.

पहिल्या दिवशी मी ट्रंक खाली ठेवते न ठेवते तोच यशोदावहिनी पाणी घेऊन आल्या. गडू आणि गिलास माझ्या हातात न देता त्यांनी उंबऱ्यावर ठेवले आणि दोन पावलं मागं सरकल्या. मला इतकी तहान लागली होती की मी उभ्या उभ्या अख्खा गिलास संपवला आणि आणखी मागितलं. सर त्यांच्या दारातून बघत होते.

“कसं लागलं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, गाव कसं वाटलं, प्रवास कसा झाला असं काही विचारताहेत. मग कळलं, पाण्याबद्दल विचारताहेत. “थोडं जड आहे,” मी म्हटलं.

सरांचा चेहरा उजळला. “मिलिंदची माय, पाह्यलं? या बाईले पाण्यातलं समजते.”

वहिनी हसल्या. त्या कशाची वाट पाहत दोन पावलं मागं उभ्या होत्या, ते मला पुढं बऱ्याच दिवसांनी उमजलं.

सर मूळचे आंधळगावचे. लहानपणाबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदाच, उत्तरपत्रिका तपासता तपासता, पेन खाली न ठेवता सांगितलं होतं. विहिरीवर चढायची त्यांना मनाई. घडा घेऊन खाली उभं राहायचं. वरच्या कुणाला दया आली तर तो दुरून ओतणार. वैशाखात कधी कधी दुपार व्हायची. “आणि एक दिवस शाळेत मास्तरांनी जगाचा नकाशा टांगला,” सर म्हणाले. “मी पाहतो तं समदा निळाच निळा. म्हटलं, गुरुजी, एवढं पाणी कोनाचं हाय? गुरुजी म्हणले, कोनाचंच नाही. बाई, त्या दिवशी मी घरी पळत गेलो मायले सांगायले.” मग लाल पेनानं कुणाचे तरी दोन मार्क कापत म्हणाले, “ते खारं असते, पिता येत नाही, हे पुढच्या साली समजलं. पण तवरक आवड लागून गेली होती.”

महासागरांचं सरांना फार कौतुक नव्हतं. “ते मोठ्या घरचे,” असं म्हणायचे. त्यांचा जीव होता तो आत शिरलेल्या, तिन्ही बाजूंनी जमिनीनं धरलेल्या समुद्रांवर. त्यातही इराणच्या आखातावर. नववीच्या पुस्तकात त्याला जेमतेम पानभर जागा होती: क्षारता, तापमान, प्रवाह. सर त्यावर आठवडा घालवत. पोरं सगळी धानाच्या गावची, बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत हे त्यांना सांगावं लागत नसे. सर सांगत, “आखात म्हणजे एक बांधी समजा. चहूकडं धुरे, आणि पाणी येयाले एकच तोंड. वरून ऊन असं का बांधी आटूनच राहिली. नदी म्हणावी तर एका कोपऱ्यात. मंग काय होईल?”

“पाणी कमी होईल, सर.”

“आनि मीठ?”

“मीठ तेवढंच राहील.”

“म्हणजे पाणी जड होईल. जड झालं का तळाशी जाईल. तळातळानं तोंडातून बाहेर निघून जाईल, आनि त्याच्या जागी वरून हलकं पाणी आत येईल. पाणी उगाच नाही हलत पोट्टेहो. त्याले कुठं तरी जड झालं असते.”

हे नुसतं सांगून ते थांबत नसत. खिडकीच्या काचा लांबीच्या लुकणानं जोडून एक पेटी केली होती. ती मिलिंदनं केलेली. सोळा-सतरा वर्षांचा होता तेव्हा, हात असा की जे धरेल ते जुळून यावं. पेटीच्या मध्ये एक आडवी काच, तिला वर एक भोक, खाली एक भोक, दोन्हींना बुचं. एका बाजूला निळ्या शाईचं साधं पाणी, दुसऱ्या बाजूला लाल शाईचं, मीठ कालवलेलं. नववीचा वर्ग भोवती गोळा व्हायचा. मीही माझा तास सोडून दारात उभी राहायचे. मिलिंद दोन्ही बुचं एकदम काढायचा. लाल पाणी तळाशी, सापासारखं सरपटत निळ्यात शिरायचं, आणि वरच्या भोकातून निळं पाणी हलक्या पावलानं लालवर पसरायचं. सर पेटीकडे बघत नसत. पोरांच्या तोंडाकडे बघत.

चुकीला त्यांच्याकडे माफी नव्हती. ‘समुद्र फार खारट असतो’ असं लिहिणाऱ्याला शून्य. फार म्हणजे किती ते लिहा. अर्धा मार्क देणं त्यांना ठाऊक नव्हतं. “पाण्याबद्दल खोटं लिहू नका,” असं ते म्हणायचे, इतक्या गांभीर्यानं की पोरं खाली मान घालत.

मिलिंद भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकला. त्या दिवसांत आखातात जाणाऱ्यांची लाट आलेली. मुंबईला कुणी एजंट होता, त्याच्यामार्फत नंबर लागला. बंदर बांधणाऱ्या एका कंपनीत, समुद्रातल्या बार्जवर काम. वहिनींनी चार दिवस चूल नीट पेटवली नाही.

“कायले जाऊन राहिला तू? इथं का काम नाही?”

“माय, बाबा जिंदगीभर नकाशावर बोट फिरवून राहिले,” मिलिंद म्हणाला. “मी पाहून येतो ना. येऊन सांगतो, खरं हाय का खोटं.”

सरांची छाती फुगलेली मला भिंतीअलीकडूनही कळत होती. जायच्या दिवशी त्यांनी शाळेतला एक थर्मामीटर हेडमास्तरांकडून मागून घेतला आणि पोराच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवला.

दोनेक वर्षांनी मिलिंद सुट्टीवर आला. काळवंडला होता, खांदे रुंद झाले होते. सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. मला एक अत्तराची कुपी. बापासाठी मात्र आणली होती एक बाटली. आत पाणी, तोंडाला मेण लावून बंद केलेलं.

“तुमच्या आखातातलं, बाबा. बार्जवरून बादली सोडून काढलं.”

सरांनी बाटली दोन्ही हातांत घेतली. उजेडाकडे धरली. मग विचारलं, “तापमान?”

“फुटला थर्मामीटर. पहिल्याच महिन्यात.” मिलिंद हसला. “पण उन्हाळ्यात हात घातला तं आंघोळीचं पाणी वाटते. खरंच सांगतो.”

ती बाटली सरांनी सोमवारी वर्गात नेली. त्यातलं घोटभर पाणी प्रत्येकाच्या तळहातावर थेंबथेंब दिलं. पोरांनी तोंडं वाकडी केली. उरलेलं पाणी मोजून पातेल्यात ओतलं, स्टोव्ह पेटवला, आणि तास संपेपर्यंत, मधल्या सुट्टीतही, ते आटवत बसले. तळाशी पांढरी खरड उरली. ती खरवडून पुडी बांधली आणि बाजारातल्या सोनाराकडे गेले, कारण इतकं बारीक वजन करणारा काटा गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मागून अख्खी नववी.

सोनार पुडी उघडून बघतो तर मीठ. “सर, हे काय? समुद्र तोलून राहिले का?”

“होय,” सर म्हणाले. “नीट तोला. काटा स्थिर होऊ द्या.”

वजन झालं. सरांनी उभ्या उभ्या हिशेब केला आणि पोरांकडे वळले. दर हजारी चाळीसच्या आसपास. पुस्तकात होतं तेच. त्या दिवशीइतकं आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नाही. सोनाराच्या पायरीवर त्यांनी मिठाची पुडी सोडली आणि सगळ्यांना चिमूट चिमूट वाटून टाकली. मिलिंद पलीकडे पानठेल्यापाशी उभा राहून बघत होता. लाजत होता आणि हसत होता.

मिलिंद परत गेला. त्यानंतर पावसाळा गेला, धान कापून झालं. थंडीच्या दिवसांत एका दुपारी शाळेत तार आली.

मी शिक्षकांच्या खोलीत होते. हेडमास्तरांनी तार वाचली आणि त्यांचा हात टेबलावर तसाच पडून राहिला. चपराशाला नववीच्या वर्गातून मेश्राम सरांना बोलवायला पाठवलं. सर आले, हाताला खडू लागलेला. हेडमास्तरांनी तार नुसती पुढं केली. कामगारांना बार्जवर नेणारी लाँच वाऱ्यात उलटली होती. काहींना वाचवलं होतं. मिलिंद सापडला नव्हता. शोध थांबवला होता.

सरांनी उभ्यानंच वाचली. परत वाचली. मग हेडमास्तरांकडे बघून म्हणाले, “वारा कोणता होता, ते लिहिलं नाही.”

“सर, बसा तुम्ही.”

“नाही, पण वारा लिहाले पाहिजे होता. तिकडे थंडीत वायव्येचा वारा सुटते. शमाल म्हणते त्याले. तो असंल तर पाणी…” ते भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. नकाशा हिंदुस्थानचा होता. त्यात आखात नव्हतं. ते तिथंच उभे राहिले.

मी त्यांच्यासोबत घरी गेले. ते पुढं, मी मागं. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. सर कवाडापाशी थांबले. तोंड उघडलं. “मिलिंदची…” म्हणाले, आणि पुढचा शब्द निघाला नाही.

वहिनींनी वर पाहिलं. नवऱ्याकडे, मग माझ्याकडे. सूप त्यांनी खाली ठेवलं. एक दाणा सांडू न देता, हळूच ठेवलं. मग जमिनीवर दोन्ही हात टेकले.

‘मिलिंदची माय’ ही हाक त्या दिवशी बंद पडली. मिलिंद जन्मल्यापासून सरांनी बायकोला दुसरं कुठलंच नाव घेऊन हाक मारली नव्हती. आता ती हाक उरली नाही, म्हणून ते तिला कसलीच हाक मारेनात. काही हवं असलं तर जवळ जाऊन उभे राहत. चिखल्याहून मुलगी-जावई आले, राहिले, गेले. बौद्ध समाजाची मंडळी येऊन म्हणाली, सर, गेलेल्यासाठी जलदानाचा विधी करून टाकू. सर म्हणाले, “कशाच्या भरवशावर? सापडला कुठं?” माणूस हाती लागला नाही तर निरोप कशाचा द्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शाळेत ते येत. शिकवत. पण घरी एक अक्षर बोलत नसत. ताट समोर यायचं आणि तसंच उचललं जायचं. भिंत मातीची, सगळं ऐकू यायचं, आणि ऐकू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आखाताचा धडा आला तेव्हा सर माझ्याकडे आले. “बाई, नववीचा तेवढा एक तास घ्याल?” मी मराठीची बाई. मी पुस्तक उघडून तो पानभर मजकूर वाचून दाखवला आणि मिटलं. पोरांनीही काही विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला.

“अवो. कोठी गेला असन तो?”

खाट करकरली. वहिनीच पुढं म्हणाल्या,

“तुमाले तं त्या पान्याचं समदं मालूम हाय. पोट्टे शिकवता तुमी. मले सांगा न. जेथी थे लाँच उलटली, तेथून पानी कोनीकडे जाते?”

मग सरांचा आवाज आला. महिन्याभरात घरात न वापरलेला, घोगरा.

“आखातात पाणी उलटं फिरते. घड्याळाच्या काट्याच्या उलट. इराणच्या बाजूनं वर चढते, आनि अरबांच्या किनाऱ्यानं खाली येते.”

“मंग तो?”

“तो… अरबांच्या बाजूला होता. म्हणजे खाली. आग्नेयेले.”

“हळू का भरभर?”

“हळू. लई हळू.”

बराच वेळ ते बोलत राहिले. तिचा प्रश्न, त्याचं उत्तर. मग भांड्यांचा आवाज झाला, आणि त्या रात्री पलीकडच्या घरात जेवणं झाली.

तेव्हापासून ते रोजचं झालं. खाटेच्या वर जगाचा नकाशा टांगलेला होता. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. पण होर्मुझ कुठं आहे, कतारचं टोक कुठं बाहेर येतं, हे त्यांना कधी पाठ झालं ते मला कळलंही नाही. चूल पेटवता पेटवता विचारायच्या, “आता कोठवर आला असन?” आणि सर खाटेवर उभे राहून बोट ठेवायचे. हिवाळ्यात पाणी थंड होऊन जड होतं, म्हणून आता हळू. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, म्हणून आता वरवर. शमाल सुटला असेल, म्हणून जरा पुढं. महिने गेले. वर्ष गेलं. त्या नकाशावर त्यांचा मुलगा किनाऱ्याकिनाऱ्यानं चालला होता आणि ते दोघं त्याच्यासोबत.

मला ते ऐकवेनासं झालं. एकदा शाळेतून येताना मी सरांना विचारलं, “सर, हे जे तुम्ही वहिनींना सांगता, ते खरं आहे?”

ते तळ्याच्या पाळीपर्यंत चालत राहिले.

“पाण्याचं खरं आहे, बाई,” ते म्हणाले. “पोराचं नाही.”

“मग कशाला?”

“ती विचारते. आशेवर बसली आहे ती. मी नाही म्हटलं तर काय करंल? एवढ्या एका गोष्टीवर जगून राहिली आहे.” मग थांबून म्हणाले, “मीच दाखवला ना त्याले समुद्र. आता तिले सांगू, का पुढं काही नाही?”

आखातातलं पाणी बदलायला तीनेक वर्षं लागतात, असं सर वर्गात शिकवायचे. तिसऱ्या वर्षी त्यांचं बोट होर्मुझच्या तोंडाशी येऊन पोचलं. त्यापुढं काय, ते मला ठाऊक होतं. काचेच्या पेटीत मी कितीदा पाहिलं होतं. जड पाणी तळातळानं बाहेर पडतं आणि खोल, अंधारात पसरून जातं. ते परत वर येत नाही.

“या तोंडातून निंगाला का मंग आपलाच समुद्र न?” वहिनींनी विचारलं.

“होय. अरबी समुद्र.”

“मंग थे पानी मुंबईले येते का?”

मी हातातलं काम थांबवून ऐकत होते.

“येते,” सर म्हणाले.

उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क न दिलेल्या माणसाचा तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

त्याच हिवाळ्यात, सुट्टीच्या एका दिवशी, मी आणि वहिनी अंगणात उन्हाला बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होतो. सर बाजाराला गेले होते. न राहवून मी म्हटलं, “वहिनी, मुंबईचं फार मनावर घेऊ नका हो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात दया होती, आणि ती माझ्यासाठी होती.

“बाई, मानसाचं आंग तीन साल पान्यात राह्यते का? मी का येडी हाय?” वहिनींनी पुढची शेंग उचलली. “तार आली त्याच दिवशी मले समजलं. माह्या पोटातून गेला थो. मले कोनी नकाशा दाखवाची गरज नाही.”

“मग तुम्ही रोज…”

“थे बोलत नोहोते न, बाई. जेवत नोहोते. एका रोजी मी पाह्यलं, नकाशासमोर उभे होते, आनि ओठ हालत होते. म्हटलं, यायच्या पोटात हे पानी तुंबून राहिलं. मोकळं नाही झालं तं हा मानूस जाते. म्हनून इचारलं. तं बोलले. मंग रोज इचारतो.” तिकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात, वहिनीही तशाच बोलत होत्या. त्यांनी मूठभर दाणे टोपलीत टाकले. “त्यायले वाटते, मी आशेवर हावो. वाटू द्या. त्या निमित्तानं पोराचं नाव तं निंगते घरात.”

तिला त्याचं सांगणं माझं काम नव्हतं, त्याला तिचं सांगणंही नव्हतं. पण त्या रात्री भिंतीपलीकडून “आता कोठवर?” ऐकलं तेव्हा मी उशीत तोंड खुपसलं.

शेवट सरांनीच केला. उन्हाळा लागला होता, शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या. दिवेलागणीची वेळ. वहिनींनी विचारलं, मुंबई अजून किती लांब राहिली. आणि भिंतीपलीकडून, तीन वर्षांत पहिल्यांदा, ती हाक आली.

“मिलिंदची माय.”

पलीकडे चिमटा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“मिलिंदची माय, ते पाणी मुंबईले येत नाही. मी खोटं सांगितलं. ते खाली जाते. तळाशी. मले पहिल्या दिवसापासून…”

“मालूम हाय,” वहिनी म्हणाल्या.

“काय मालूम हाय?”

“समदं. बसा तुमी. खाली बसा.”

मग जो आवाज आला तो मी कुणा पुरुषाचा कधी ऐकला नव्हता. मी उठून, दार ओढून, रस्त्यावर गेले. तळ्याच्या पाळीवर बसून राहिले. ते त्या दोघांचं होतं. परत आले तेव्हा दोघं अंगणात एकाच खाटेवर बसले होते, आणि वहिनी त्यांना सांगत होत्या की मिलिंद लहानपणी रांगत रांगत पाण्याच्या घड्यापाशी कसा जायचा. सर हसत होते आणि डोळे पुसत होते.

पुढच्या रविवारी जलदानाचा विधी झाला. मिलिंदचा फोटो, पांढरं कापड, मेणबत्त्या. चिखल्याहून लेक-जावई आले. भंतेजी पाली गाथा म्हणू लागले. सरांनी तांब्या धरला, वहिनींनी त्यांच्या हाताला हात लावला, आणि खालच्या वाटीत पाणी पडू लागलं. बारीक, अखंड धारेनं. वाटी भरली, काठावर पाणी फुगून थांबलं, मग ओसंडून ताटात आलं. गाथा संपेपर्यंत सर ओतत राहिले. शेवटचा थेंब पडल्यावरही तांब्या तसाच कलता धरून होते. वहिनींनी तो हळूच सरळ केला.

त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली, असं म्हणायला हवं. भिंतीपलीकडून बोलणं यायचं. आता नकाशा नव्हता, नुसता मिलिंद. तो काय खायचा, कुणाशी भांडला, पहिल्या पगारात त्यानं मायसाठी कुठल्या रंगाचं लुगडं घेतलं. आणि रोज सुरुवात वहिनींच्याच प्रश्नानं व्हायची. “अवो, थे तुमाले याद हाय का?”

मग वहिनींना कावीळ झाली. आधी झाडपाला, मग भंडाऱ्याचा दवाखाना. पंधरवड्यात गेल्या. जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, “यायले बोलतं ठेवजा, बाई.” मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं, ही काय मोठी गोष्ट आहे.

पण मी कितीही गेले, बसले, इकडचं तिकडचं विचारलं, तरी सर माझ्याशी शाळेचंच बोलत. तिच्यासारखं विचारणं मला जमलं नाही. ते विचारायला ती आई असावी लागत होती. लेक म्हणाली, बाबा, चिखल्याला चला. सर म्हणाले, पोट्ट्यांचं वर्ष अर्धं सोडता येत नाही. भिंतीपलीकडे पुन्हा शांत झालं.

माझी बदली भंडाऱ्याच्या शाळेत झाली. निघायच्या आदल्या दिवशी हिशेबाची कामं उरकायला शाळेत गेले. व्हरांड्यातून येताना नववीच्या वर्गातून सरांचा आवाज ऐकू आला, म्हणून खिडकीशी थांबले. फळ्यावर आखात काढलेलं होतं. किनाऱ्याकिनाऱ्यानं बाण. तो धडा ते पुन्हा स्वतः घेत होते, हे मला ठाऊक नव्हतं. ते खूप वाकले होते, सदरा खांद्यावरून ओघळत होता, पण बाण सगळे बरोबर दिशेनं होते.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. नवी असावी, गावात काय झालं ते तिला माहीत नसावं.

“सर, तुमी पाह्यला का हा समुद्र?”

पुढची पोरं एकदम वळून तिच्याकडे बघायला लागली. कुणी तरी तिची ओढणी ओढली.

“नाही,” सर म्हणाले. “मी नाही पाह्यला. माह्या पोरानं पाह्यला. मिलिंद त्याचं नाव.”

मुलगी खाली बसली. सर फळ्याकडे वळले नाहीत. हातात खडू धरून ते पोरांकडे बघत उभे राहिले. आणखी कुणी काही विचारेल म्हणून थांबले होते.

कुणी विचारलं नाही.